कंपनीची मेल नव्या सर्व्हरवर नेताना

भोसरी किंवा सातपूरच्या एमआयडीसीतल्या पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपची मेल बहुतेक वेळा वेबसाइटबरोबर फुकट मिळालेली असते. कधीकाळी कोणीतरी वेबसाइट करून दिली, त्याच होस्टिंगवर सेल्स, पर्चेस, अकाउंट्स अशा नावांचे मेलबॉक्स उघडले आणि पुढची कित्येक वर्षं पीओ, ड्रॉइंग, कोटेशन, इनव्हॉइस सगळं तिथूनच चालत राहिलं. मग एक दिवस जागा भरते, गिऱ्हाइकाच्या मेल परत जायला लागतात किंवा आपलं कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये सापडतं. मालक ठरवतात, मेल दुसरीकडे न्यायची.

या कामात मेलबॉक्समधला मजकूर इकडून तिकडे नेणं सगळ्यात सोपं. घोळ होतात ते दोन ठिकाणी. डोमेनचं लॉगिन कोणाकडे आहे हे ऑफिसात कोणालाच माहीत नसतं, आणि या पत्त्यांवर नक्की काय काय अवलंबून आहे याची यादी कधी कोणी केलेली नसते. त्या दोन गोष्टी आधी मार्गी लावल्या, तर उरलेलं काम एका सुट्टीच्या दिवसात बसतं.

मेल आपल्यापर्यंत पोचते कशी

मेल पाठवण्याची जी पद्धत आजही चालते, त्या एसएमटीपीचं मानक १९८२ सालचं आहे. कोणत्या डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणारी एमएक्स नोंद १९८६ मध्ये आली. आपल्याला कोणी मेल पाठवली की त्यांचा सर्व्हर डीएनएसला विचारतो, या डोमेनची मेल कोण घेतं? एमएक्स नोंदीत ज्याचं नाव असेल त्याच्याकडे तो जातो. एकाहून जास्त नावं असतील तर ज्याचा आकडा लहान, त्याला पहिला मान. म्हणजे मेलचा पत्ता तोच राहतो, बदलते ती ही एक नोंद.

तो बदल सगळीकडे एकाच क्षणी दिसत नाही. प्रत्येक नोंदीबरोबर टीटीएल नावाचा आकडा असतो, तो सेकंदांत असतो. टीटीएल ८६,४०० असेल तर एकदा विचारून गेलेला सर्व्हर पुढचे चोवीस तास जुनंच उत्तर धरून बसू शकतो.

इथे एक बारकावा मनात पक्का ठेवायला हवा. आपला सर्व्हर काही तास बंद राहिला तरी मेल हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर ती रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. किमान चार-पाच दिवस हे प्रयत्न चालू ठेवावेत, असं मानकातच म्हटलं आहे. पण नवा सर्व्हर चालू असेल आणि त्यावर पर्चेसचा मेलबॉक्सच उघडलेला नसेल, तर तो ‘असं कोणी इथे नाही’ असं ठाम उत्तर देतो आणि मेल त्याच क्षणी परत जाते. गप्प बसलेल्या सर्व्हरपेक्षा चुकीचं उत्तर देणारा सर्व्हर जास्त नुकसान करतो. म्हणून प्रत्येक मेलबॉक्स आणि प्रत्येक जोडनाव (एलियस) नव्या जागी तयार झाल्याखेरीज एमएक्सला हात लावायचा नाही.

डोमेन कोणाच्या नावावर आहे?

डोमेन एकीकडे नोंदवलेलं असतं, त्याच्या डीएनएस नोंदी दुसरीकडे असू शकतात आणि वेबसाइट व मेल तिसरीकडे. ‘सगळं वेबसाइटवाल्याकडे आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. डोमेनची नोंदणी कंपनीच्या नावावर आहे की त्या माणसाच्या, रिन्यूअलची तारीख कोणती, सूचना कोणत्या मेलवर जातात आणि लॉगिन कोण वापरतं, या चार गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर असेल, तर संबंध चांगले असताना ती आपल्या नावावर करून घ्यावी. तो माणूस धंदा बंद करतो किंवा फोन उचलणं सोडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. डोमेन हातून गेलं तर सर्व्हर कितीही चांगला असला तरी कंपनीचा पत्ताच जातो.

आणखी एक फट इथेच असते. डोमेनच्या लॉगिनसाठी दिलेला मेल पत्ता त्याच डोमेनवरचा असतो. मेल बंद पडली की पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच बंद मेलबॉक्समध्ये जाते. या एका कामासाठी बाहेरचा पत्ता द्यावा, आणि तो मालकांचा असावा.

नव्या सेवेची सेटअपची पानं कधी कधी नेमसर्व्हरच बदलायला सुचवतात. ते टाळावं. नेमसर्व्हर बदलला की डोमेनच्या सगळ्याच नोंदी नव्या जागेवरून वाचल्या जातात, आणि वेबसाइटची नोंद तिथे भरलेली नसेल तर मेल हलवता हलवता वेबसाइट गायब होते. आपल्याला फक्त मेलच्या नोंदी बदलायच्या आहेत. हात लावण्याआधी असलेल्या सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत.

नवी जागा निवडताना

स्वतःचा व्हीपीएस घेऊन त्यावर मेल सर्व्हर उभा करण्याचा मोह आयटीची आवड असलेल्या माणसाला होतो. पंधरा माणसांच्या कंपनीने तो टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मेल घेणं अवघड नसतं, पाठवणं अवघड असतं. नव्या आयपी पत्त्याला पत नसते, आधीच्या भाडेकरूने त्यावरून स्पॅम पाठवलेलं असू शकतं, उलट नोंद म्हणजे पीटीआर लावून घ्यावी लागते, आणि रात्री दोनला डिस्क भरली तर उठायला माणूस लागतो. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा चेन्नईच्या झोहोची मेल यांपैकी काहीही घेतलं तरी हे ओझं उतरतं. पैसे दर मेलबॉक्समागे द्यावे लागतात. त्यामुळे सेल्स, इन्फो, सपोर्ट अशा पत्त्यांसाठी वेगळे मेलबॉक्स घेण्याऐवजी ते जोडनावं किंवा ग्रुप म्हणून ठेवले तर खर्च बराच कमी होतो.

पत्त्यांवर काय काय अवलंबून आहे

जुन्या होस्टिंगच्या पॅनेलवर मेलबॉक्सची यादी दिसते. तिच्याबरोबर फॉरवर्डर, जोडनावं आणि कोणत्याही चुकीच्या नावाची मेल एका ठिकाणी घेणारा सरसकट मेलबॉक्स हेही तपासायचं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता मालकांकडे फॉरवर्ड होत असतो आणि एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या सिस्टिममध्ये अजून तोच पत्ता भरलेला असतो. तो सुटला तर वर्षाची सगळ्यात मोठी पीओ परत जाऊ शकते.

याहून जास्त विसरली जातात ती यंत्रं. टॅलीमधून इनव्हॉइस थेट मेल होतं. रिसेप्शनवरचं प्रिंटर-स्कॅनर स्कॅन केलेला कागद मेल करतं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर अलर्ट पाठवतो, हजेरीचं मशिन रोजचा रिपोर्ट पाठवतं, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म सेल्सला मेल टाकतो. या प्रत्येकात जुन्या सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि पासवर्ड भरून ठेवलेला असतो. शिवाय नव्या सेवा साधा पासवर्ड सहसा घेत नाहीत. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून पॉप आणि आयमॅपसाठी ती पद्धत बंद करायला सुरुवात केली. गूगलवर टू-स्टेप लावून अॅप पासवर्ड काढावा लागतो. जुन्या स्कॅनरला आजचं एन्क्रिप्शन येत नसेल, तर स्कॅन मेल करण्याऐवजी ऑफिसच्या शेअर फोल्डरमध्ये टाकायला लावणं सोपं पडतं.

जीएसटी, बँक, उद्यम नोंदणी, गिऱ्हाइकांची व्हेंडर पोर्टलं यांवरचा पत्ता बदलत नाही, त्यामुळे तिथे काही करायचं नसतं. फक्त ओटीपी त्याच मेलवर येतात हे ध्यानात ठेवून दिवस निवडायचा. महिन्याची सात तारीख टीडीएस भरण्याची, अकरा जीएसटीआर-१ ची, वीस जीएसटीआर-३बी ची. या तारखांच्या तोंडावर हे काम काढलं तर अकाउंट्सचा माणूस रागावेल, आणि त्याचं बरोबर असेल.

अकाउंट्सच्या कॉम्प्युटरपाशी थांबा

मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी. सर्व्हरवर अकाउंट्सचा मेलबॉक्स दोनशे एमबीचा दिसतो, तेव्हा हलवायला फार काही नाही असं वाटतं. मग त्या कॉम्प्युटरवर आउटलुक उघडायचं, अकाउंट सेटिंग्जमध्ये जायचं आणि नावासमोर आयमॅप लिहिलंय की पॉप ते बघायचं. पॉप असेल तर मेल सर्व्हरवरून उतरवून घेतली जाते आणि सेटिंगप्रमाणे काही दिवसांनी सर्व्हरवरून पुसलीही जाते. शेजारच्या डेटा फाइल्स टॅबवर पीएसटी फाइलचा मार्ग दिसतो. तो बहुधा डी ड्राइव्हवरच्या एखाद्या फोल्डरचा असतो आणि फाइल अठरा-वीस जीबीची निघते. कंपनीचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका हार्ड डिस्कवर असतो आणि जगात दुसरीकडे कुठेच नसतो.

आउटलुक पूर्ण बंद करून त्या फाइलची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, आणि ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. आउटलुक २०१० पासून पीएसटीची ठरलेली मर्यादा ५० जीबी आहे. त्याआधीच्या अगदी जुन्या प्रकारच्या फाइलची मर्यादा २ जीबी होती आणि तिच्या जवळ पोचलेल्या फाइल बिघडतात. अशी फाइल सापडली तर तिला सगळ्यात आधी हात घालावा.

जुनी मेल कशाला हवी, असं कोणी विचारलं तर उत्तर कायद्यात आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि हल्ली बिलं मेलमध्येच असतात. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार गिऱ्हाइकाने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. ते आले नाहीत तर पीओ कधी आली आणि माल मिळाल्याचं कोणी कबूल केलं हे त्या मेलच सांगतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून कशी दाखल करायची ते दिलं आहे. मूळ मेलच्या हेडरमध्ये ती कोणत्या सर्व्हरवरून, किती वाजता आली ते सगळं असतं. नव्या पत्त्यावर फॉरवर्ड करून आणलेल्या मेलमध्ये ते राहत नाही. म्हणून जुनी मेल फॉरवर्ड करून हलवण्याची सोपी वाटणारी युक्ती करू नये.

सगळी पीएसटी नव्या मेलबॉक्सवर चढवायलाच हवी असं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांची मेल चढवावी, बाकीची दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या जागी ठेवावी.

आयमॅप असलेल्या कॉम्प्युटरवर धोका उलटा असतो. जुन्याच खात्यात सर्व्हरचं नाव बदलून नवं टाकलं, तर आउटलुक नव्या सर्व्हरवरचा रिकामा मेलबॉक्स बघतं आणि कॉम्प्युटरवरची प्रतही त्याच्याशी जुळवून रिकामी करू शकतं. नवं खातं वेगळं जोडावं आणि जुनं काही दिवस शेजारी राहू द्यावं.

मजकूर हलवणं

आयमॅपवरून आयमॅपवर मेल नेण्यासाठी जिल लामिराल या फ्रेंच प्रोग्रामरचं आयमॅपसिंक जगभर वापरलं जातं. मोठ्या सेवांची स्वतःची साधनंही असतात. ही साधनं पुन्हा पुन्हा चालवता येतात. दुसऱ्या वेळी फक्त नवीन मेल जाते, आधी गेलेली दोनदा होत नाही. त्यामुळे मोठा भाग आठवडाभर आधी हलवायचा, आणि एमएक्स बदलल्यावर उरलेली मेल पुन्हा एकदा. गूगलवर आयमॅपने दिवसाला ५०० एमबीच चढवता येतात. मोठ्या मेलबॉक्ससाठी गूगलचं स्वतःचं साधन वापरणं बरं.

आधी एकच मेलबॉक्स हलवून नीट तपासावा. प्रत्येक फोल्डरमधल्या मेलची संख्या जुळते का? सगळ्यात जुन्या मेलवर तिची मूळ तारीख आहे की आजची पडली? जुन्या सर्व्हरवरचा ‘सेंट’ आणि नव्यावरचा ‘सेंट आयटम्स’ असे दोन वेगळे फोल्डर तर झाले नाहीत? आपल्याकडे आणखी एक बघावं लागतं. कोणी फोल्डरला ‘वसुली’ किंवा ‘जुनी बिलं’ असं देवनागरी नाव दिलं असेल, तर आयमॅप ते आतून यूटीएफ-७ च्या एका खास प्रकारात साठवतं. कच्च्या साधनाने हलवलं तर त्या जागी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. मराठी विषयाच्या आणि मराठी नावाच्या जोडफाइलच्या दोन-तीन मेलही उघडून बघाव्यात.

कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर आयमॅपने येत नाहीत. ते वेगळे काढून वेगळे भरायचे. रूल, सही, सुट्टीवरचं आपोआप जाणारं उत्तर हेही नव्याने लावावं लागतं. आणि सगळ्यांचे पासवर्ड व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागवू नयेत. पॅनेलवरून तात्पुरते नवे पासवर्ड लावून काम करावं.

बदलाचा दिवस

भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि या कामाला तो फार सोयीचा दिवस आहे. आपलं ऑफिस शांत असतं, पण होस्टिंगवाल्यांचा आणि नव्या सेवेचा मदतकक्ष मात्र पूर्ण चालू असतो. रविवारी हे सुख नाही.

दोन दिवस आधी एमएक्सचा टीटीएल ३०० वर आणायचा. गुरुवारी सकाळी जुन्या एमएक्स नोंदी काढून नव्या घालायच्या. जुनी नोंद मोठ्या आकड्याने ‘असू दे आधाराला’ म्हणून ठेवू नये, कारण मग काही मेल इकडे आणि काही तिकडे उतरते.

त्याबरोबर पाठवण्याच्या तीन नोंदी करायच्या. एसपीएफ सांगते की या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. ही नोंद एकच असावी लागते. दुसरी घातली की दोन्ही निकामी होतात. संक्रमणाच्या काळात त्या एकाच नोंदीत जुनी आणि नवी दोन्ही नावं ठेवायची, आणि ती तपासताना लागणारे डीएनएस प्रश्न दहाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. डीकेआयएम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतं, त्याची किल्ली नवी सेवा देते. वरच्या दोन्हींत मेल बसली नाही तर समोरच्याने काय करावं हे डीमार्क सांगतं. सुरुवातीला ते ‘काही करू नका, फक्त कळवा’ या पातळीवर ठेवावं. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून या बाबतीत कडक धोरण घेतलं. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात, लहानांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक लागतंच. मी तर म्हणेन, लहानांनीही तिन्ही करावीत.

मग कंपनीबाहेरच्या जीमेल खात्यावर एक मेल पाठवायची आणि तिथे मूळ संदेश दाखवण्याचा पर्याय निवडायचा. वरच्या चौकटीत तिन्ही नावांपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे.

फॉर्मची मेल जाते कुठे?

सगळं सुरळीत चालू होतं आणि आठ-दहा दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात येतं की वेबसाइटवरून एकही चौकशी आलेली नाही. फॉर्म तर ‘धन्यवाद’ म्हणतोय. कारण जुन्या होस्टिंगमध्ये असतं. वेबसाइट अजून त्याच सर्व्हरवर आहे, आणि तो सर्व्हर समजतो की या डोमेनची मेल माझ्याकडेच राहते. फॉर्मने सेल्सला मेल टाकली की तो एमएक्स बघायला बाहेर जातच नाही, स्वतःकडच्या जुन्या मेलबॉक्समध्ये ती टाकून मोकळा होतो. त्याच सर्व्हरवर दुसऱ्या कोणाची वेबसाइट आणि मेल असेल, तर त्यांनी आपल्याला पाठवलेली मेलही तशीच आत अडकते. सीपॅनेलमध्ये ईमेल राउटिंग नावाचं पान असतं. तिथे ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडलं की हा प्रश्न मिटतो. एमएक्स बदलल्यावर त्याच तासाला हे करावं आणि फॉर्म स्वतः भरून बघावा.

जुना सर्व्हर कधी बंद करायचा

निदान महिनाभर तो चालू ठेवावा. पहिल्या आठवड्यात रोज जुन्या मेलबॉक्समध्ये डोकावायचं, काही उतरलेलं दिसलं तर साधन पुन्हा चालवायचं. कोणाच्या फोनवर जुनीच सेटिंग्ज राहिलेली असतात आणि तो माणूस जुन्या सर्व्हरवरून उत्तरं पाठवत राहतो. त्या उत्तरांच्या प्रती नव्या मेलबॉक्समध्ये येत नाहीत, आणि हे कळायला आठवडे जातात. उपाय सोपा आहे. पहिला आठवडा झाला की जुन्या सर्व्हरवरचे सगळे पासवर्ड बदलून टाकायचे. ज्याचा फोन किंवा ज्याचं मशिन जुन्यालाच चिकटून आहे, ते लगेच तक्रार करायला लागतं.

महिना झाल्यावर जुन्या मेलबॉक्सचा पूर्ण बॅकअप उतरवून पीएसटीच्या कॉपीशेजारी ठेवायचा. एसपीएफमधून जुन्याचं नाव काढायचं, पण वेबसाइटचा फॉर्म अजून त्याच सर्व्हरवरून मेल पाठवत असेल तर ते राहू द्यायचं. टीटीएल पुन्हा ३,६०० वर न्यायचा. डीमार्कचे रिपोर्ट बघून, आपल्या नावाने पाठवणारं सगळं ओळखीचं आहे अशी खात्री झाली की ते एक पायरी कडक करायचं. आणि होस्टिंगचं रिन्यूअल थांबवण्याआधी वेबसाइट त्याच होस्टिंगवर आहे का, हे वेबसाइटवाल्याला विचारून घ्यायचं. असेल तर मेलबॉक्स तेवढे काढायचे आणि होस्टिंगचं बिल भरत राहायचं.